न आलेली जहाजं

नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या डच आजी नव्वदीला टेकल्या आहेत, पण अजून सायकल चालवतात. वळताना हात असा ताठ बाहेर काढतात की गाडीवाले निमूट थांबतात. बोलणंही तसंच. सांगून झालं की "झालं!" म्हणतात आणि विषय मिटतो. दुसऱ्या महायुद्धात, लहानपणी, जावा बेटावर त्या आईबरोबर जपानी लष्कराच्या कैदी छावणीत होत्या, उपाशी होत्या, एवढंच एकदा म्हणाल्या. त्यावरही "झालं!"

माझं संशोधन नेमकं त्याच काळावर आहे. छावण्यांसाठी अन्न आणि औषधं नेणाऱ्या जहाजांना वाट द्यावी, म्हणून तटस्थ देशांमार्फत जपानशी वाटाघाटी चालल्या होत्या. इथल्या वाचनालयात त्यावर माझं भाषण ठरलं, तेव्हा आजींना सांगायला मी कचरले. तरी त्या आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

जपानने बहुतेक विनंत्या कशा फेटाळल्या, ते सांगून मी म्हणाले, "थोडक्यात, वाटाघाटी निष्फळ ठरल्या."

आजी उभ्या राहिल्या. "निष्फळ म्हणू नकोस. जग आपल्याला विसरलं, असं आई मरेपर्यंत म्हणायची. आमच्यासाठी कोणीतरी पुन्हा पुन्हा जहाजं मागत होतं, हे मला आज कळतंय."

आजी खाली बसल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आता सावकाश सांग. कोण मागत होतं? काय म्हणून मागत होतं?"

समारोप बाजूला ठेवून मी पहिल्या विनंतीपासून पुन्हा सुरुवात केली.