सोलरला नेसवलेली साडी

माझी शिलाई मशीन चालू राहिली ती समोरच्या भाभींमुळं, हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल, ही बाई त्यांच्यावर नुसती जळत होती. जळत होतेच. अजूनही थोडी जळते.

मी चंद्रपूरकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्याच्या कंपनीपायी इथं आले. गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानाचे ब्लाउज शिवते. भाभीही त्याच दुकानाचं काम करतात. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या मशीनचा आवाज माझ्या खोलीत येतो. दोन्ही घरांवर सोलर एकाच माणसानं बसवलं. प्लेटा सारख्या, ऊन तर एकच. पण त्यांच्याकडं दुपारभर मोटरवरची मशीन, कूलर, वर इस्त्री, आणि बिल नावापुरतं. आमचं बिल होतं तिथंच. मला वाटायचं, ह्यांच्या वाट्याला सूर्यसुद्धा जास्त येतो.

उजाडलं की भाभी लांब दांड्याचा ब्रश घेऊन प्लेटा धुवायच्या. मी खिडकीतून बघायची. नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही, आणि ह्या बाई प्लेटांना आंघोळ घालतात.

ऐन उन्हाळ्यात घरमालकीण काकू बिल घेऊन दारात आल्या. "सोलर घातलं तरी बिल उतरंना. तुझी मोटरच खाती सगळं. पायानं चालव, नायतर दुसरी खोली बघ."

पायानं चालवून दुकानाचं काम वेळेत होत नाही, आणि काम गेलं तर भाडं कुठून द्यायचं. मी "बरं" म्हणाले. त्या दिवशी बाही उलटी जोडली.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या कुरडया घेऊन गच्चीवर गेले. त्यांची पद्धत अशी, की ओल्या कुरडया जुन्या साडीवर घालायच्या आणि साडी थेट प्लेटांवर पसरायची. खालून काच तापलेली, वरून ऊन. दिवस मावळायच्या आत कडकडीत. गल्लीतल्या बायका कौतुक करायच्या. कुरडयांचे दिवस सरले की त्याच जागी गोधड्या.

मी साडीची टोकं ओढत होते, तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून भाभी म्हणाल्या, "ओ बाई, सोलर कू रोज साडी नेसवती क्या? शादी है उसकी?"

"वाळवण आहे, भाभी."

"वो तो दिखता. पर उसकू धूप नक्को क्या? एक प्लेट ढकी तो बाकी के भी सुस्त पडते."

मला रागच आला. हे ह्यांनाच का माहीत असावं? मग भीती वाटली. काकूंच्या कुरडयांना नावं ठेवली तर खोली आजच जाईल, असं मी त्यांना सांगितलं.

"तू मत बोल. मैं आती."

आल्या. माझ्यासाठी कधी न निघालेल्या कपबशा काकूंनी त्यांच्यासाठी काढल्या, तेही मला बोचलं. भाभींनी एक कुरडई तळून मागितली, चवीनं खाल्ली आणि म्हणाल्या, "काकू, हमारे गच्ची का आधा कोना खाली है. वाळवण उधर डालो, बिल्ली मैं देखती. और प्लेटा महिनाभर उघड्या ठेवा. बिल नै उतरा तो इसकी मोटर बंद करो."

मला न विचारता माझी मोटर त्यांनी पणाला लावली. काकू मात्र हसल्या. "लई हुशार हायस गं तू."

त्या महिन्यात मला नीट झोप लागली नाही. काच गार असते तोवर, उजाडताच अर्ध्या बादलीत मी प्लेटा पुसायची. ब्रश भाभींचा. पहिल्या दिवशी इतकी धूळ निघाली की पाणी चहासारखं झालं. भाभी त्यांच्या गच्चीवरून बघायच्या आणि "उधर कोने में रह गया" म्हणायच्या. खरंच राहिलेलं असायचं.

बिल आलं तेव्हा काकू दारात थांबल्या, आत आल्या नाहीत. "व्हय, उतरलंय. चालव तुझी मोटर."

मी धावत जाऊन भाभींना सांगितलं. त्यांनी मशीनवरून मानही वर केली नाही. "हौ, मालूम था," एवढंच. मालूम होतं म्हणे. दुकानदार अजूनही त्यांचाच ब्लाउज उचलून मला दाखवतो, शिलाई अशी पाहिजे म्हणून.

त्यांची मोठी पोरगी लग्नाची आहे. तिचे लग्नाचे कपडे मी शिवणार, शिलाई न घेता. आणि असे शिवणार, की भाभींना उलटून पालटून बघताना एकही टाका चुकलेला सापडू नये.