बारा काकूंचा पहारेकरी

काकूंना ते काम मिळालं ते त्यांना काही येत नव्हतं म्हणून. बाकीच्यांना काहीतरी येतं म्हणून कामावर घेतात आणि काही येत नाही हे मागाहून उघडकीला येतं. काकूंच्या बाबतीत सगळंच उलटं झालं.

तशा त्या आधी फोन घ्यायच्या कामावर लागल्या होत्या. तिसरा मजला, काचेच्या दाराशी टेबल, त्यावर एक फोन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्यांची वही. आत वीसबावीस जण कुंगफूचा व्हिडिओ गेम बनवत होते. डोंगरावर एक मठ, मठाला पायऱ्या, पायरीपायरीवर एकेक पहारेकरी आणि सगळ्यात वर एक म्हातारी गुरुमाता. सगळ्यांना चीत करत वर पोचायचं. कुणी कुणाला कसं आणि किती मारायचं हे ठरवणाऱ्या माणसाला सगळे सर म्हणत. सरांचं वय बत्तीस, पाठीला पोक, आणि प्रत्यक्षात त्यांनी डास सोडून कुणावर हात उगारला असेल असं वाटत नव्हतं.

सरांचं घोडं एका जागी अडलं होतं. दोन वर्षं तोच गेम खेळून कचेरीतल्या सगळ्यांचे हात इतके तयार झाले होते की गेम अवघड आहे की सोपा हेच कुणाला सांगता येईना. शेवटी एका दुपारी सरांनी काकूंना फोनवरून उठवलं आणि त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. काकूंनी तो उलटा धरला. पहिल्या पहारेकऱ्याने त्यांना चार सेकंदांत आडवं केलं. असं एक्केचाळीस वेळा झालं, तेव्हा कुठे तो पडला. एवढा अडाणीपणा एका ठिकाणी पाहून सरांचे डोळे भरून यायचे राहिले.

तेव्हापासून काकू हे माप झालं. जितक्यांदा मरून काकू एखाद्याला हरवतील, तितक्या काकूंचा तो गडी. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर रीतसर लिहिलेलं असे: पहिला पहारेकरी, एक्केचाळीसवरून बारा काकू. भालेवाला, अठरा काकू. आकडा कमी आला की सर त्या पहारेकऱ्याला चपळ करत, जास्त आला की जरा आळशी करत. फोनच्या जागी मशीन बसवलं आणि काकूंना आत गादीची खुर्ची मिळाली.

घरी काकांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "न जमण्याचा पगार देतात? मग तू तिथं साहेब होणार," ते म्हणाले. काका मनाने वाईट नव्हते. पण "तुला नाही जमायचं" हे वाक्य त्यांच्या तोंडात एकतीस वर्षं बसलं होतं. स्कूटर, बँकेचे फॉर्म, पोहणं, भिंतीत खिळा ठोकणं, सगळ्याला तेच. लोक खाकरतात तसं ते म्हणत, आणि काकूही पुढे प्रयत्न करत नसत.

आता या गेममधली मारामारी कशी, तर प्रत्येकाला जीव असतो तसा तोलही असतो. नुसते हात आडवे धरले तर मार अडतो, पण आपला तोल जात राहतो. समोरच्याचा फटका अंगाला लागायच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं तर मात्र फटका परततो आणि तोल त्याचा जातो. तोल संपला की एका टिचकीत तो खाली. म्हणजे मारणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याचं काम. सरांनी हे काकूंना आकृत्या काढून समजावलं. काकूंच्या डोक्यात काही शिरलं नाही. मग एका सकाळी ओट्याशी उभ्या असताना दूध वर आलं, कडेला टेकलं, आणि त्यांनी नेहमीसारखा गॅस बंद केला. आधी नाही, नंतर नाही. काकू तिथेच थबकल्या.

त्या दिवशी पहिला पहारेकरी पहिल्याच खेपेला पडला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं हे नशीब. काकूंनी आनंदाने टाळी वाजवली आणि लगेच घाबरून दाराकडे पाहिलं. मापच वाढायला लागलं तर ते कामावर कोण ठेवणार? मग त्यांनी मरायला सुरुवात केली. रोज फळ्यावरचा आकडा बघायचा, तेवढ्यांदा मरायचं आणि मग धापा टाकत जिंकायचं. कधी भिंतीवर आपटून मरत, कधी पायरीवरून घरंगळून, म्हणजे संशय नको. सर खूश होते. दुपारी सगळे डबे खायला गेले की काकू एकट्या मठ चढून जात, अंगाला एक फटका न लागता. इतकं चांगलं आपल्याला आयुष्यात काही आलं नव्हतं हे त्यांना कळत होतं, आणि ते कुणाला सांगता येत नाही याने त्यांचा जीव तुटत होता.

गुरुमातेची पाळी आली त्या दिवशी सगळी कचेरी खुर्चीमागे जमली. अपेक्षा होती तीस काकूंची. सर जमलेल्यांना कौतुकाने म्हणाले, "काकूंवर माझा डोळे झाकून भरवसा आहे. यांना कधीच जमायचं नाही."

काकूंनी ठरल्याप्रमाणे मरायला सुरुवात केली, चारदा मेल्या. पाचव्यांदा म्हातारीने हात उचलला आणि काकूंच्या अंगठ्याने त्यांचं ऐकलंच नाही. एक फटका परतला, दुसरा परतला, सलग नऊ परतले. म्हातारीचा तोल संपला आणि ती गुडघ्यावर आली. काकूंचे कान तापले होते. नोकरी गेली तर गेली, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

सरांनी कपाळावर हात मारला. "इतकी सोपी? काकूंना जमली म्हणजे पोरखेळच झाला." त्यांनी फळा पुसायला घेतला.

"सर, मला येतं आता," काकू म्हणाल्या.

"वाईट वाटून घेऊ नका, काकू. चूक माझी आहे," सर मायेने म्हणाले. महिन्याभरात त्यांनी गुरुमातेपासून खालपर्यंत एकूण एक पहारेकरी दुप्पट चपळ करून ठेवला.

गेम बाजारात आला आणि लोकांच्या नाकी नऊ आले. तक्रारींचा पाऊस पडला. पहिली पायरी ओलांडणारा माणूस सापडेना. घरी काकांनीही तो आणला, बायकोच्या कचेरीचा म्हणून. अकरा दिवस ते पहिल्या पहारेकऱ्याचा मार खात बसले होते. बाराव्या दिवशी संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या आणि क्षणभर पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बघू का जरा मी?" त्यांनी विचारलं.

"तुला नाही जमायचं," काका म्हणाले.

काकूंनी त्यांना ते वाक्य पूर्ण करू दिलं. मग कंट्रोलर घेतला. काकांनी चहा बशीत ओतून फुंकेपर्यंत पहारेकरी पायरीवर पालथा पडला होता.

काका पडद्याकडे बघत राहिले, मग काकूंकडे, मग पुन्हा पडद्याकडे. शेवटी त्यांचा चेहरा उजळला.

"सोपा केलेला दिसतोय त्यांनी," ते म्हणाले.

"असेल," काकू म्हणाल्या. त्यांनी गेम पुन्हा पहिल्या पायरीवर आणला, कंट्रोलर काकांच्या हातात दिला आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली. "मग दाखवा करून. मी मोजते."