टाळ्या स्वयंपाकघरातून ऐकल्या

“तुम्ही गाबीत ना? मग सुरमई तूच कर. तुमच्या हातातच असतं ते.”

सर, म्हणजे आमचे प्रमुख, हसत म्हणाले. सगळ्यांसमोर. गाबीत म्हणजे आमची मासेमारांची जात. परदेशी पाहुणे होते, आमच्या प्रयोगशाळेतले सगळे होते. मालवणजवळच्या एका रिसॉर्टमध्ये बैठक होती आणि चहानंतर माझं सादरीकरण होतं. आयुष्यातलं पहिलं. त्यासाठी मी नवी साडी नेसले होते.

“पण सर, माझं बोलणं...”

“ते निखिल करेल. त्याचं इंग्रजी चांगलं आहे. पाहुण्यांना अस्सल मालवणी हाताचं खायचंय.”

निखिल प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याने मान खाली घातली, आणि माझा लॅपटॉप उचलला. मी स्वयंपाकघरात गेले. नोकरी कंत्राटी होती.

माझं काम काय होतं ते सांगते. अवकाशात शरीराचं काय होतं, यावर जगभर संशोधन झालंय. ते डॉक्टरला चटकन सापडावं म्हणून मी शोधयंत्रणा बांधत होते. वर गेलं की हाडं विरळ होतात. माणसांची होतात, प्रयोगासाठी नेलेल्या इवल्या माशांचीही होतात. पण त्याला एक शास्त्रज्ञ एक शब्द वापरतो, दुसरा दुसराच. यंत्राला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि अर्धं संशोधन अंधारात राहतं. मला हे लगेच उमगलं, कारण तुमच्या सुरमईला आम्ही इसवण म्हणतो. मासा तोच. एकेक लेख वाचून मी ती सगळी नावं एकमेकांना जोडली. त्यात माझी वर्षं गेली, चष्म्याचा नंबर वाढला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलमधलं सगळं ऐकू येत होतं. निखिल माझी वाक्यं बोलत होता. इसवणीचा दाखलासुद्धा. मग टाळ्या. खूप वेळ. माझी बोटं माशाने ओशट झालेली.

रिसॉर्टचा आचारी म्हणाला, “बाये, तुमी तर मॅडम. मगे हंय कित्याक?”

मी इथे का, हे सांगण्याऐवजी मी पुढचा मासा कापायला घेतला.

जेवताना सर म्हणाले, “दोन्ही उत्तम. सादरीकरण आणि सुरमई.” सगळे हसले. मीही हसले. ते हसू अजून तोंडावर चिकटल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी घरी गेले. आई मालवणच्या बाजारात मासे विकते. तिने आधी साडीकडे पाहिलं.

“नये साडयेर माशाचे डाग कशे गो?”

मी सांगितलं. वाटलं, रडेल. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, “रापणीचो दोर जो ओढता, तेका वाटो गावता. मगे तो खंयचो का असाना. तुझो वाटो खंय आसा?”

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. दोराला हात लावलेल्या माणसाला, तो कुठलाही असो, माशांचा वाटा न देता परत पाठवणं आमच्यात पाप मानतात. शिकलेल्यांच्या जगात त्याला पद्धत म्हणतात. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा स्वतःची कीव आली नाही, राग आला.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, “आज कुर्ल्या होऊन जाऊ देत.”

खेकड्यांकडे न जाता मी हॉलमध्ये गेले. पडद्यासमोर उभी राहिले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, “काल तुम्ही पाहिलीत ती यंत्रणा मी बांधली आहे. प्रश्न मला विचारा.”

“बस खाली. तमाशा नको,” सर म्हणाले.

 पण बसले नाही. मागच्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. मग दुसऱ्याने विचारला. सर उठून बाहेर गेले.

माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. काही महिन्यांनी त्या यंत्रणेवरचा लेख छापून आला. निखिलचं नाव पहिलं, सरांचं शेवटी. लेखाच्या तळाशी आभारात एक ओळ होती, ‘स्थानिक सहकार्याबद्दल’, आणि तिच्यापुढे माझं आडनाव, तेही चुकीचं. मीच बांधलेल्या यंत्रणेत मी माझं नाव टाकून पाहिलं. काहीही सापडलं नाही.

आता मी जवळच्याच कसाल गावी एका क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवते. मुलं टाळ्या वाजवतात तेव्हा माझी बोटं ओशट होतात. उठून हात धुते. हात कोरडेच असतात, तरी धुते. मुलांना वाटतं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे.

मी तो लेख छापणाऱ्या संपादकांकडे तक्रार केली. सरांचा फोन आला.

“मागे घे. चांगलं शिफारसपत्र देतो. नाहीतर या क्षेत्रात तुला विचारणार कोण?”

“लेखावर माझं नाव घाला.”

“आभार मानलेत की तुझे.”

मी फोन ठेवला. निकाल अजून लागलेला नाही. कदाचित माझ्या विरुद्धही लागेल. लागला तर वरच्या समितीकडे जाईन, तिथे नाही झालं तर त्याच्याही वर. आभाराची ती ओळ त्यांना खोडावी लागेल. तोवर मी कुणाला सुखाने झोपू देणार नाही. स्वतःलासुद्धा.