यशोधराने न काढलेली कंपनी

यशोधरा आणि मी एकाच आठवड्यात परसराम शेठच्या कारखान्यात लागलो. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवायचा कारखाना. मी चामटोलीहून यायचे, ती अंबरनाथहून. दोघींना चेकिंगच्या टेबलावर बसवलं, म्हणजे तयार पँटचे लोंबणारे धागे कापायचे आणि शिलाई सुटली असेल तिथे खडूने खूण करायची. माझा हात चालायचा. यशोचं लक्ष मात्र सारखं पलीकडच्या मोठ्या टेबलाकडे. तिथे हरिचंद्र मास्तर ब्राऊन पेपरवर पँटचे फर्मे काढायचे. फर्मा कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि त्या रेघेवर कापड कापायचं. मास्तरांचे सगळे फर्मे भिंतीजवळच्या तारेला लटकलेले असत. पंखा लागला की एकदम सळसळायचे.

एक दिवस यशो उठून सरळ मास्तरांपुढे गेली. "मास्तर, मला हे शिकवा ना."

"अगं, बायका मशीनवर बसतात."

"मग मी उभी राहते."

शेठ दारातच होता. तो खो खो हसला. "हरिचंद्र, सिखा दे इसको. बसत नाही म्हणते तर उभी राहू दे."

अशी ती शिकली. जीन्स धुलाईत आटते, आणि प्रत्येक कापड वेगळं आटतं. म्हणून फर्मा आधीच थोडा मोठा काढावा लागतो. किती मोठा, हे मास्तर कापड बोटांत चुरगाळून सांगायचे. यशोने ते चुरगाळणं उचललं. घरी जाताना रिक्षातसुद्धा शेजारणीच्या ओढणीला बोट लावून बघायची. मला लाज वाटायची, तिला नाही.

ते दिवस आठवले की मला आधी वास आठवतो. नव्या डेनिमचा, निळीचा, आणि दुपारी शेठच्या घरून येणाऱ्या सिंधी साईभाजीचा, म्हणजे पालक-डाळीच्या भाजीचा. शेठची बायको मोठा डबा पाठवायची, सगळ्यांना एकेक वाटी. चौदा एप्रिलला शेठ न विचारता सुट्टी द्यायचा आणि आदल्या दिवशी यशोच्या हातात पेढ्यांचा बॉक्स ठेवायचा. "घरी दे. तुझ्या बाबाला बोल, शेठने जयभीम सांगितलाय." यशोचे बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ते पेढा खायचे आणि म्हणायचे, "शेठ माणूस बरा आहे, पण पीएफ कापतो का गं?" शेठ कापत नव्हता. त्या गल्लीत कुणीच कापत नव्हतं.

मास्तर कोकणात गावी गेले, तेव्हा यशो मास्तर झाली. सगळे तिला मास्तरच म्हणायचे, मॅडम कुणी म्हटलं नाही. पुढे धुलाईचे कारखाने बंद पडले, माल दुसरीकडे जायला लागला. शेठची बायको वारली. एका दिवाळीनंतर कारखाना उघडलाच नाही. मी बदलापूरला एका शाळेत शिपाई म्हणून लागले. यशो कल्याणला क्लास लावून तेच फर्मे कॉम्प्युटरवर काढायला शिकली. बंगळुरूच्या एका कपड्यांच्या कंपनीचं काम तिला मिळालं. ती घरी बसून फर्मे काढून पाठवायची, बिल लावायची, पैसे यायचे. बरीच वर्षं हे छान चाललं.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "संजू, रविवारी ये. डोकं चालत नाहीये."

मी गेले. तिचे बाबा आता नाहीत, ती आणि आई रखमामावशी दोघीच राहतात. यशोने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बंगळुरूवाल्यांनी कळवलं होतं की सुट्या माणसांना यापुढे थेट काम देता येणार नाही. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर त्यांनी ठरवलेल्या गुडगावच्या कंपनीच्या पगारावर जायचं. काम बंगळुरूचंच करायचं, पण कागदोपत्री नोकर गुडगावची. पगार, पीएफ, टॅक्स सगळं ते बघणार आणि त्यातून आपला वाटा घेणार. नाहीतर स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची, आणि मग बंगळुरूवाले त्या कंपनीशी करार करणार.

"बंगळुरूची बाई फोनवर गुडगाववाल्यांना अम्ब्रेला कंपनी म्हणाली," यशो म्हणाली.

मावशीने तेवढाच शब्द पकडला. "छत्री कुणाची का असंना, डोकं कोरडं राहतं ना? तुझ्या बापाचा पीएफ होता म्हणून ही खोली झाली. त्यांच्या पेन्शनीवर मी जेवते. घे पगार."

"पण आई, मी गुडगाव बघितलं नाही, त्यांनी मला बघितलं नाही. त्यांची कसली नोकर मी? आपली कंपनी असली तर दारावर पाटी लागेल. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं तर घेता येईल."

पाटीचं नाव तिने ठरवूनही ठेवलं होतं. यशोधरा पॅटर्न्स. म्हणताना ती लाजली, आणि मला रिक्षातली ती मुलगी दिसली.

आम्ही उन्नतीकडे गेलो. उन्नती सीए आहे. शिवमंदिराच्या रस्त्याला, बेल-फुलांच्या दुकानावर तिचं ऑफिस. वयाने लहान, पण समजावून सांगते. "ताई, कंपनी काढणं आता सोपं आहे. दोन डायरेक्टर लागतात, तुम्ही आणि आई. पण मग दर वर्षी ऑडिट, रिटर्न, मीटिंगचे कागद. काम असो नसो, हे करावंच लागतं. मोठी गिऱ्हाइकं मिळवायची असतील तर जरूर काढा. एकाच गिऱ्हाइकासाठी असेल तर थोडा विचार करा."

"तू काय केलं असतंस?"

"मी तुम्ही नाही ना, ताई," उन्नती म्हणाली.

बाहेर पडल्यावर यशो म्हणाली, "शेठला विचारू या. त्याची कंपनी होती."

शेठ कॅम्प चारमध्ये एकटा राहतो. मुलगा दुबईत. आम्हाला बघून तो इतका खूश झाला की चहा ठेवायचंच विसरला, मग मीच ठेवला. यशोने सगळं सांगितलं. शेठने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कंपनी होती नाही, बेटी. आहे."

"म्हणजे?"

"फॅक्टरी बंद केली, कंपनी कुठे बंद केली? हर साल सीए कागद आणतो, मी सही करतो. मुलगा तिकडून सही करतो. मशीन नाही, माणूस नाही, माल नाही. कंपनी चालू आहे." तो हसला, पण आम्हाला हसू आलं नाही. मग एकदम पुढे झुकला. "तू नवीन कशाला काढते? हीच घे. मी निघतो, माझ्या जागी तू डायरेक्टर. नाव चांगलं आहे, मार्केटमध्ये कुणाचं देणं नाही. तू तिथेच मास्तर होतीस. तुझीच आहे समज."

ज्या कारखान्यात यशो धागे कापायला आली होती, त्याची मालकीण व्हायचं! "विचार करते, शेठ," एवढंच म्हणाली.

उन्नतीने ऐकल्याबरोबर नको म्हणून मान हलवली. "ताई, जुनी कंपनी घेतली की तिचं मागचं सगळंही सोबत येतं. अंकल खोटं बोलत नाहीत, पण मागे काय राहिलंय हे त्यांनाही आठवत नसेल."

यशोने काही दिवस जाऊ दिले. मग मला म्हणाली, "संजू, मला उन्नतीच्या बोलण्याची एवढी भीती नाही वाटली. मला शेठचं तोंड दिसतं. एकटा बसून रिकाम्या कंपनीच्या कागदावर सही करतोय. त्याला धंदा करायची हौस होती, म्हणून त्याने ते सांभाळलं. मला हौस कशाची आहे? फर्मे काढायची. कंपनी काढली तर निम्मा जीव कागदांत जाईल."

"आणि पाटी?"

"पाटी बघायला येतंय कोण आपल्या जिन्यात?" ती हसली. पण वाईट वाटलं होतं तिला, मला कळलं.

तिने गुडगावचा करार मागवला आणि उन्नतीला दाखवला. त्यात एक कलम होतं की दुसऱ्या कुणाचंही काम करायचं नाही. उल्हासनगरातल्या दोन-तीन लहान कारखान्यांना यशो अजून फर्मे काढून द्यायची. तिने स्वतः गुडगावला फोन केला, हिंदीत. "सर, ये लोग मुझे मास्तर बोलते हैं. इनका काम मैं नहीं छोडूंगी. नहीं तो रहने दीजिए." आठवडाभर उत्तर नाही. मावशीने तर आशा सोडली होती. मग कलम बदलून आलं. सुट्टीच्या दिवशी लहान कारखान्यांचं काम करायला हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिने सही केली.

शेठकडे जायला मात्र ती घाबरत होती. मलाच बरोबर घेऊन गेली.

"शेठ, मी पगारावर जातेय. तुमची कंपनी मला झेपणार नाही."

शेठने खिडकीकडे तोंड वळवलं. "घाटे का सौदा थोडी दे रहा था, बेटी."

"नाही शेठ. तुम्ही मला सगळ्यात मोठी गोष्ट देत होतात. म्हणून तर सांगायला आले, फोन नाही केला." मग हळूच म्हणाली, "आणि तुम्ही तरी किती वर्षं ओढणार? बंद करू या ना. मी येते बरोबर. उन्नती कागद बघेल."

शेठ आधी चिडला. बायकोने नाव ठेवलं होतं कंपनीचं, म्हणाला. यशो वाद घालत बसली नाही. काही दिवसांनी त्यानेच फोन केला, "कब चलना है?"

आम्ही तिघं रिक्षाने अंबरनाथला उन्नतीकडे गेलो. बँकेचं खातं बंद करणं, मुलाची सही, प्रतिज्ञापत्रं, असं बरंच चाललं. दरवेळी यशो वेळ काढून शेठबरोबर जायची. शेवटच्या कागदावर सही करण्याआधी शेठने कंपनीचं नाव एकदा मोठ्याने वाचलं. यशोने त्याच्या दंडाला धरलं. त्याने सही केली आणि उन्नतीला म्हणाला, "तुझी फी घे आणि चांगली घे. कुणाचं देणं ठेवत नाही मी."

खाली उतरल्यावर देवळात जाणाऱ्यांची गर्दी होती. शेठला भूक लागली होती. टपरीवर वडापाव खाताना तो यशोला हरिचंद्र मास्तरांबद्दल विचारू लागला, ते कुठे असतात, बोलणं होतं का. यशोने तिथूनच फोन लावला. मास्तरांना आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे शेठ रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "हरिचंद्र! परसराम बोलतोय! अरे, कॅम्प पाच! जीन्स!"

यशो अजून पगारावर आहे. पहिला पीएफ जमा झाल्याचा मेसेज तिने आईला वाचून दाखवला, तेव्हा मावशीने बाबांच्या फोटोकडे बघून हात जोडले. यंदा करार पुन्हा आला, तेव्हा मी विचारलं, "आता काढणार का कंपनी?"

"बघू," ती म्हणाली. "सध्या एक नवीन कापड आलंय, ते काही केल्या सरळ आटत नाहीये."