घराची कंट्रोल रूम

मंगळवार, १४ ऑक्टोबर. बरेच महिने या ब्लॉगवर फिरकले नाही, त्याबद्दल माफ करा. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा नवरा प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये बसतो. गणपतीत त्याने रावपुऱ्यातल्या आमच्या घरात स्मार्ट स्विच बसवले आणि सगळे फक्त स्वतःच्या फोनला जोडले. तेव्हापासून दुपारी मी मालिका बघत बसले, की तो तिकडून टीव्ही बंद करतो आणि वर फोन करून इथल्या गुजराती ढंगात हसत म्हणतो, “दोन तास झाले, बस कर ने!”

आज तो ड्यूटीवर गेल्यावर मी एकेक स्विच रिसेट करून माझ्या फोनला जोडला.

संध्याकाळी तो मॅच बघत होता. शेवटची ओव्हर सुरू झाली आणि मी स्वयंपाकघरातून टीव्ही बंद केला.

“अगं, हे काय झालं?”

“दोन तास झाले, बस कर ने!”

तो ॲपवर बोटं आपटत राहिला. मॅच संपल्यावरच मी टीव्ही चालू केला. इतका आनंद झाला की माझी मलाच भीती वाटली. त्याला धडा शिकवला, की मीही त्याच्यासारखीच झाले? तुम्ही काय केलं असतं?

उद्याचं काम: त्याला ॲपमध्ये परत घेणे, पाहुणा म्हणून.