उंब्रजच्या कॉम्प्युटरची रंगीत तालीम

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन उंब्रजला परतले, तेव्हा मी सांगलीत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. माझं जुनं मशीन मी त्यांना दिलं आणि त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी कार्यप्रणाली घातली. एवढ्या थकलेल्या मशीनवर दुसरं काही धड चाललं नसतं. आबा दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकले. बघता बघता आसपासच्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या बायकांचे अर्ज आमच्या ओसरीवर छापून निघायला लागले. कुणाच्या कागदात बायकोचं नाव चुकलेलं असायचं, कुणाची जन्मतारीख.

पहिल्यांदा लिनक्सची नवी आवृत्ती आली तेव्हा मी फुशारकीत होते. रविवारी पानं वाढायच्या आधी बटण दाबलं आणि म्हणाले, जेवून उठेपर्यंत होईल. झालंही. पण प्रिंटर मुका झाला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, मी कुठूनतरी बाहेरून आणून बसवला होता, तो नव्या आवृत्तीत चालेना. मला संध्याकाळच्या एसटीनं परतायचं होतं. पुढचा आठवडाभर आबांनी लोकांचे अर्ज हातानं लिहून दिले. पुढच्या रविवारी मी येऊन बाहेरूनच दुसरा ड्रायव्हर शोधून बसवला.

दोन वर्षांनी पुढची आवृत्ती आली. या वेळी मी आबांना सांगितलं की आल्या आल्या घ्यायची नाही. तिची पहिली दुरुस्ती निघू दे, तोवर इतरांना आलेल्या अडचणी निस्तरलेल्या असतात. हे त्यांना फार पटलं.

"म्हंजे म्होरची तुकडी रस्ता साफ करती, मागनं आपण," ते म्हणाले. "पण आदी तालीम व्हायला पायजे."

मी हसले, पण तालीम केली. त्यांच्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली आणि ती मशीनला जोडून तिच्यावरच अपग्रेड चालवलं. मूळ डिस्क आबांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. तालमीत दोन गोष्टी सापडल्या. बाहेरचा ड्रायव्हर आधीच काढून टाकला तर प्रिंटर आपोआप ओळखला जातो, आणि मराठी कीबोर्ड गायब होतो, तो सेटिंगमधून परत घ्यावा लागतो. आबांनी एकेक पायरी वहीत लिहून घेतली.

पुढच्या रविवारी मूळ डिस्क बसवली. कीबोर्डपुढे आबा, शेजारी मी. मध्येच मशीननं विचारलं, ही जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? मी तोंड उघडणार तोच त्यांनी हातानंच मला थांबवलं, वहीत बघितलं आणि उत्तर दिलं. शेवटी मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पडदा काळाच राहिला, जरा जास्तच वेळ. आबा ताठ बसले होते. मग निळा पडदा उजळला आणि मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या.

ओसरीवर एक मावशी सकाळपासून बसल्या होत्या. नवरा फौजेत होता, तो गेल्यावर कळलं की त्याच्या कागदांत मावशींचं नावच भलतं लागलंय. आबांनी मराठी कीबोर्ड घेतला, त्यांचा अर्ज टाइप केला आणि छापायला दिला. प्रिंटर खरखरला. कागद बाहेर आला तसा मावशींनी तो हातात घेतला आणि बोट ठेवत स्वतःचं नाव वाचलं.

"आवं सुभेदार," त्या म्हणाल्या, "बरोबर आलंय की."

आईनं शिरा केला. मावशींनाही आग्रहानं बसवून घेतलं.

त्यानंतरच्या आवृत्तीसाठी तर मी सुट्टी टाकून ठेवली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी, तास संपवून वर्गाबाहेर पडते तो आबांचा फोन.

"झालं," ते म्हणाले.

काय झालं, विचारलं.

"अपग्रेड. प्रिंटर चालतोय, मराठी चालतंय. आता उद्या मसूरच्या दोस्ताचं करायचंय. तू कशाला हेलपाटा घालतीस, सुट्टी ऱ्हाऊ दे."

मी सुट्टी रद्द केली नाही. दुसऱ्या दिवशी मसूरला गेले आणि त्या काकांच्या सोप्यात मागं खुर्ची टाकून, चहा पीत, आबांना काम करताना बघत बसले.