वचन घ्या, पण स्वतःसाठी!

आमच्या शुक्रवारच्या प्रार्थनासभेचे किस्से मी लिहून ठेवले असते, तर कपाटात साड्यांना जागा उरली नसती!

सभा दर आठवड्याला एकेकाच्या घरी. शेवटी वचनांचा डबा फिरतो. प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची, त्यावरचं बायबलचं वचन वाचायचं आणि आठवडाभर तसं वागायचं. डबा सांभाळते मी. म्हणजे डोक्याला ताप माझ्याच!

*

विमलमावशींना जिभेला आवर घालण्याचं वचन आलं. पुढच्या शुक्रवारी मी विचारलं, "मावशी, कसा गेला आठवडा?"

"लई गुण आला बघ! चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली. सुनेनं आठवडाभर तोंड उघडलं न्हाय!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

सॅमकाका रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. त्यांना भावाला क्षमा करण्याचं वचन आलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि चिठ्ठी परत डब्यात टाकली.

"ही दानियलची हाय. चुकून माझ्याकडं आली."

दानियल त्यांचा धाकटा भाऊ, गडमुडशिंगीला असतो. आई गेल्यावर तिचं बायबल दानियलनं नेलं, यावरून दोघं चार वर्षं बोलत नाहीत. भांडण कशावरून, तर बायबलवरून! काय बोलणार आता?

दुसरी काढायला लावली. निघालं, बंधुप्रीती.

"ही पण त्याचीच की!"

*

प्रार्थना चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, ही आमची रीत. सॅमकाका तिचा पुरेपूर फायदा घेतात. "प्रभू, दानियलला सुबुद्धी दे!" दर शुक्रवारी!

शेवटी वैतागून मी नियम केला, प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचं नाही.

पुढच्या शुक्रवारी काका म्हणाले, "प्रभू, गडमुडशिंगीत पाण्याच्या टाकीमागं राहणाऱ्या एका माणसाला सुबुद्धी दे!"

*

मग काकांच्या रिबेकाचं लग्न ठरलं. पोरगी बापासारखीच हट्टी. "आजीच्या बायबलातनं दानियलकाकांनीच वचन वाचायचं. न्हायतर मी चर्चची पायरी चढणार न्हाय!"

काका माझ्याकडं आले. "तू समजाव तिला."

"आधी तुम्हाला कोण समजावणार?" मी ओरडलेच.

"मी थोरला हाय. त्यानं आधी फोन करायचा." मग जरा वेळानं हळूच म्हणाले, "फोन वाजला की वाटतंय, त्योच असंल."



*

गेल्या शुक्रवारी सभा काकांच्याच घरी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, काकांची प्रार्थना सुरू. दहा मिनिटं झाली तरी थांबायचं नाव नाही! बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला, म्हणून मी एक डोळा उघडला.

दारात दानियल उभा. काखेत जुनं काळं बायबल. शेजारी रिबेका, तोंडावर बोट ठेवून.

काका आपले चालूच, "प्रभू, त्या माणसाला फोन करायची बुद्धी दे. तसा त्यो करत असंल बी... माझा नंबर बदललाय. मीच त्याला कळवला न्हाय. तेवढा तू कळव."

"सांग की दादा," दारातून आवाज आला, "लिहून घेतो."

काका डोळे न उघडताच, एकेक आकडा सावकाश सांगायला लागले.